जन्माच्या वाटेवरचा रक्तस्राव

पूर्ण दिवसांच्या, जोमाने रडणाऱ्या आणि अंगावर नीट पिणाऱ्या धडधाकट बाळांच्या मेंदूची जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत एमआरआय तपासणी केली, तर त्यांतील बऱ्याच बाळांच्या मेंदूभोवती रक्ताचा एक पातळ थर आढळतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला खात्रीने कळली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याआधी नवजात बाळाच्या कवटीतील रक्तस्रावाविषयीचे बहुतेक ज्ञान दोनच ठिकाणांहून येत असे: दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनातून आणि झटके येणाऱ्या, निपचित पडलेल्या, गंभीर आजारी बाळांच्या तपासणीतून. साहजिकच हा रक्तस्राव विरळा असतो आणि झाला तर घातकच ठरतो, अशी समजूत रुजली होती. निरोगी बाळांकडे पाहण्याची सोय झाली तेव्हा या समजुतीचा पहिला भाग साफ चुकीचा ठरला आणि दुसराही बराचसा बदलावा लागला.

हा रक्तस्राव कुठे होतो हे समजण्यासाठी मेंदूवरील आवरणांची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. कवटीच्या हाडाला आतून लागून असलेले जाड, चिवट आवरण म्हणजे दृढतानिका. तिच्या आतल्या बाजूचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक आवरण म्हणजे जालतानिका. आणि मेंदूच्या प्रत्येक वळीला बिलगून राहणारे अगदी तलम आवरण म्हणजे मृदुतानिका. शेवटच्या दोन आवरणांच्या मध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो आणि मेंदू जणू त्यात तरंगत असतो. दृढतानिका केवळ अस्तरासारखी पसरलेली नसते. तिच्या दोन मोठ्या घड्या कवटीच्या पोकळीत आत शिरलेल्या असतात. त्यांपैकी एक, विळ्याच्या पात्यासारखी, मोठ्या मेंदूच्या उजव्या व डाव्या अर्धगोलांच्या मध्ये उभी असते, तर दुसरी तंबूच्या छतासारखी मागच्या बाजूला आडवी पसरलेली असून तिच्यावर मोठ्या मेंदूचा मागचा भाग आणि तिच्याखाली लहान मेंदू असतो. मेंदूतून परतणारे अशुद्ध रक्त या घड्यांच्या कडांमध्ये असलेल्या रुंद शिरांच्या मार्गांत जमा होते, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून या मार्गांना मिळणाऱ्या ज्या आखूड शिरा मधली जागा ओलांडतात त्यांना सेतुशिरा म्हणतात. दृढतानिकेच्या आतल्या बाजूला, म्हणजे तिच्या आणि जालतानिकेच्या मध्ये, रक्त साचले की डॉक्टर त्याला सबड्युरल रक्तस्राव म्हणतात. अर्भकांच्या बाबतीत ‘मेंदूभोवतीचा रक्तस्राव’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा तोच अभिप्रेत असतो.

तो किती बाळांमध्ये आढळतो, या प्रश्नाला एकच एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, आणि का देता येत नाही हे पाहणे त्या आकड्याइतकेच उद्बोधक आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १११ नवजात बाळांच्या एमआरआय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९ बाळांना, म्हणजे सुमारे ८ टक्के बाळांना, सबड्युरल रक्तस्राव झालेला होता. त्या ९ पैकी ३ बाळे कोणत्याही साधनाविना नैसर्गिकरीत्या जन्मलेली होती, एकाचा जन्म व्हॅक्यूमने, म्हणजे डोक्याला चिकटणारी वाटी लावून ओढल्याने झाला होता, आणि ५ बाळांच्या बाबतीत आधी व्हॅक्यूमचा प्रयत्न फसून मग चिमटा लावावा लागला होता. पुढे २००७ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्याच अधिक शक्तीच्या चुंबकाचे यंत्र वापरून ८८ निरोगी बाळांची तपासणी केली, तेव्हा योनिमार्गे जन्मलेल्या ६५ बाळांपैकी १७ बाळांच्या कवटीत कुठे ना कुठे रक्तस्राव दिसला. हे प्रमाण २६ टक्के, म्हणजे चार बाळांमागे एक असे येते. त्या रक्तस्रावांतील बहुसंख्य सबड्युरल होते, आणि सिझेरियनने जन्मलेल्या २३ बाळांपैकी एकातही रक्तस्राव आढळला नाही. वर्षभरातच, २००८ साली, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पूर्ण दिवसांच्या १०१ बाळांची जन्मानंतर ७२ तासांच्या आत तपासणी झाली आणि त्यांतील ४६ बाळांमध्ये सबड्युरल रक्त दिसले.

८, २६ आणि ४६ टक्के हे तीन आकडे परस्परांना खोटे पाडत नाहीत. शेफील्डचे यंत्र कमी शक्तीचे होते, त्यामुळे मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा थर त्याच्या नजरेतून सुटणे शक्य होते. नॉर्थ कॅरोलायनातील यंत्र प्रबळ होते, पण तेथील बाळे तपासणीच्या वेळी एक ते पाच आठवड्यांची झालेली असल्याने काहींचे रक्त तोपर्यंत शोषले गेले असणार. मिलवॉकीत चांगले यंत्र आणि लवकरची वेळ या दोन्ही गोष्टी जुळून आल्या, म्हणून प्रमाण सर्वांत जास्त भरले. यावरून जे अनुमान निघते ते असे की, योनिमार्गे जन्मणाऱ्या बाळांपैकी किमान चौथ्या हिश्शाला, आणि कदाचित निम्म्यालाही, जन्मताना मेंदूभोवती थोडासा रक्तस्राव होतो; तो सापडणे न सापडणे हे कोणत्या यंत्राने आणि कितव्या दिवशी पाहिले यावर अवलंबून राहते. इतक्या बाळांना जे घडते त्याला आजार म्हणणे अवघड आहे. ती प्रसूतीच्या क्रियेसोबत येणारी गोष्ट मानावी लागते.

आता ती का येते ते पाहू. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो, आणि आईच्या कटिराच्या हाडांमधील वाट त्याला जेमतेम पुरेल एवढीच असते. निसर्गाने यावर काढलेला तोडगा असा, की बाळाच्या कवटीची हाडे जन्माच्या वेळी एकमेकांत सांधलेली नसतात. त्यांच्या मध्ये लवचीक पडद्यांचे सांधे असतात, आणि जिथे अनेक हाडांची टोके एकत्र येतात तिथे मोठी मऊ जागा राहते, जिला मराठीत टाळू म्हणतात. (टाळू भरण्यासाठी तेल जिरवण्याची घरोघरची पद्धत या जागेला उघडे भोक समजण्यातून आलेली दिसते, वस्तुतः तिथे त्वचेखाली चिवट पडदा असतो, आणि पुढची टाळू दीड-दोन वर्षांत हाडांच्या वाढीनेच भरून येते, तिला तेलाची गरज नसते.) कळांच्या जोरावर डोके खाली सरकू लागले की ही हाडे एकमेकांवर किंचित चढतात, डोके एका दिशेने दबून दुसऱ्या दिशेने लांबट होते, आणि जन्मानंतर काही दिवसांत पुन्हा गोलाकार होते. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या माणसांना बाळाचे डोके लांबुळके वाटते ते यामुळेच.

डोक्याचा आकार बदलतो तेव्हा आतल्या विळ्यासारख्या आणि तंबूसारख्या घड्यांवर ताण येतो, कारण त्या कवटीच्या निरनिराळ्या भागांना बांधलेल्या असतात आणि एक भाग दुसऱ्यापासून दूर गेला की दोरीप्रमाणे ताणल्या जातात. हा ताण दोन घड्या जिथे मिळतात त्या मागच्या भागात जास्त असतो. नवजात बाळाच्या दृढतानिकेत, आणि विशेषतः या घड्यांत, बारीक शिरांचे दाट जाळे असते, जे पुढे वय वाढेल तसे विरळ होत जाते. कळेच्या वेळी डोके दाबले गेले की मेंदूतून परतणाऱ्या रक्ताची वाट क्षणभर तुंबते, शिरांच्या त्या जाळ्यातला दाब वाढतो आणि ताणलेल्या घडीतून रक्त पाझरते. हा रक्तस्राव सहसा मागच्या बाजूला, तंबूसारख्या घडीच्या लगत आणि लहान मेंदूच्या वर-खालीच का दिसतो, याचे उत्तर या रचनेत सापडते. मिलवॉकीच्या तपासणीत आढळलेले बहुतेक थर ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचे होते. मोठ्या सेतुशिरा तुटून होणारा रक्तस्राव वेगळा असतो; त्यात रक्ताचे प्रमाण जास्त असू शकते आणि मेंदूवर दाब येऊ शकतो. परंतु बहुतेक नवजात बाळांच्या बाबतीत शीर फुटल्याची नव्हे, तर दाबाखाली पाझर सुटल्याची ही घटना असावी, असे या विषयाच्या अनेक अभ्यासकांना वाटते.

साधनांचा, म्हणजे चिमटा व व्हॅक्यूम यांचा, वाटा किती, हा प्रश्न येथे अटळपणे येतो, कारण प्रसूतीनंतर बाळाला काही झाले की नातेवाइकांचा पहिला संशय चिमट्यावर जातो. शेफील्डच्या ९ बाळांपैकी ६ बाळांच्या जन्मात साधने वापरली गेली होती, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासात साधन वापरणे किंवा प्रसूती लांबणे यांचा रक्तस्रावाशी संबंध दिसला नाही, फक्त योनिमार्गे जन्म होण्याशी दिसला. या कोड्यावर सर्वांत चांगला प्रकाश पडतो तो कॅलिफोर्नियातील एका प्रचंड पाहणीतून. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पहिलटकरणींच्या ५,८३,३४० बाळांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि एमआरआयवर दिसणारे नव्हे तर प्रत्यक्ष निदान झालेले कवटीतील रक्तस्राव मोजले होते. असा रक्तस्राव साधनाविना जन्मलेल्या १,९०० बाळांमागे एकाला, व्हॅक्यूमने जन्मलेल्या ८६० मागे एकाला आणि चिमट्याने जन्मलेल्या ६६४ मागे एकाला झालेला होता. एवढेच वाचले तर साधने दोषी वाटतात. पण कळा सुरू झाल्यानंतर केलेल्या सिझेरियनमध्येही हे प्रमाण ९०७ मागे एक, म्हणजे जवळपास व्हॅक्यूमइतकेच होते, आणि कळा सुरू होण्याआधीच केलेल्या सिझेरियनमध्ये मात्र ते २,७५० मागे एकावर उतरले होते. ज्या प्रसूती अडतात त्यांतच चिमटा, व्हॅक्यूम किंवा ऐनवेळचे सिझेरियन यांची गरज पडते. धोका वाढवणारी मुख्य गोष्ट ती अडलेली प्रसूती होय, आणि साधनाचा स्वतःचा वाटा त्याहून कमी असतो.

या पाहणीची एमआरआयच्या अभ्यासांशी तुलना केली की खरे चित्र उभे राहते. एकीकडे चारांत एक, दुसरीकडे एकोणीसशेंत एक, म्हणजे शेकडो बाळांना रक्तस्राव होतो तेव्हा त्यांतील एखाद्यालाच त्याचा त्रास होतो. उरलेल्या बाळांना ना झटके येतात, ना त्यांचे दूध पिणे थांबते, ना टाळू फुगते. शेफील्डच्या ९ बाळांची चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा सगळ्यांचे रक्त शोषले गेलेले होते. मिलवॉकीत बहुतेकांचे महिनाभरात आणि ज्यांची फेरतपासणी झाली त्या सर्वांचे तीन महिन्यांत नाहीसे झाले, आणि त्या बाळांपैकी बहुतेकांची वाढ दोन वर्षांच्या वयात तपासली असता नेहमीसारखी होती. डोळ्यांतही असेच घडते. नवजात बाळांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाशसंवेदी पडद्यावर, जन्मानंतर रक्ताचे ठिपके असतात, व्हॅक्यूमच्या जन्मात ते अधिक आढळतात, आणि दोन-तीन आठवड्यांत ते बहुधा विरून जातात.

हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये, कारण जन्माच्या वेळी कवटीबाहेर होणारा एक रक्तस्राव मात्र खरोखर धोक्याचा असतो. हाडावरच्या पातळ आवरणाखाली रक्त साचून एका हाडापुरती मर्यादित राहणारी गाठ शंभरात एक-दोन बाळांना होते आणि ती आपोआप जिरते, फक्त त्या रक्ताच्या विघटनाने कावीळ थोडी वाढू शकते. परंतु डोक्याची त्वचा आणि हाडावरचे आवरण यांच्यामधल्या सैल जागेत रक्त उतरू लागले, तर त्याला हाडांच्या सांध्यांची सीमा राहत नाही. तीन किलोच्या बाळाच्या शरीरात एकूण रक्तच सुमारे पाव लिटर असते, आणि ही जागा त्यातील बरेचसे रक्त सामावून घेऊ शकते. व्हॅक्यूम लावल्यानंतर पहिले काही तास डोक्यावरची सूज मऊ, हलणारी आणि पसरत जाणारी आहे का, बाळ पांढरे पडते आहे का, हे परिचारिकेने वारंवार पाहण्याचा दंडक असतो तो याच भीतीने.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कथा पूर्णपणे निराळी आहे. त्यांचा रक्तस्राव मेंदूभोवती नसून मेंदूच्या आत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत होतो. गर्भाच्या मेंदूत या ठिकाणी नव्या पेशी तयार करणारी एक पेशीबहुल, रक्ताने समृद्ध पट्टी असते. तिच्या वाहिन्यांच्या भिंती अत्यंत पातळ असतात, आणि साधारण आठव्या महिन्यानंतर ती पट्टी आक्रसत जाऊन नाहीशी होते. बाळ त्याआधीच जन्माला आले तर रक्तदाबातील चढउतार या वाहिन्यांना सोसत नाहीत, आणि बहुतेक रक्तस्राव पहिल्या तीन दिवसांतच होतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे १९७८ साली दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले तेव्हा २० बाळांमध्ये तो सापडला, आणि त्या अभ्यासात ठरवलेल्या चार श्रेणी आजही नवजात शिशू विभागांत रोज वापरल्या जातात. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे, ज्याचा पाया न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स व हॉवी यांच्या १९७२ सालच्या संशोधनाने घातला, आणि एकंदर सुधारलेली देखभाल यांमुळे हे प्रमाण पुढे बरेच खाली आले. या बाळांचे निदान सोनोग्राफीने होते आणि ते होऊ शकते तेही टाळूमुळेच, कारण ध्वनिलहरींना हाड अडवते पण टाळूचा पडदा वाट देतो. मात्र या खिडकीतून मेंदूचा मधला भाग चांगला दिसत असला तरी कवटीच्या कडेचा पातळ सबड्युरल थर सहज सुटतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचा रक्तस्राव इतकी वर्षे अज्ञात राहण्याचे हेही एक कारण होते.

जन्माचे रक्त शोषले गेल्यानंतरच्या वयात, म्हणजे दोन-तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत, सबड्युरल रक्तस्राव सापडला तर त्याचा अर्थ बदलतो. या वयात तो खरोखरच विरळा असतो. ब्रिटन व आयर्लंड येथील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक वर्षाखालील एक लाख मुलांमागे वर्षाला सुमारे २४ जणांना तो आढळला होता, आणि त्यामागे डोक्याला झालेली इजा हे प्रमुख कारण होते. ही इजा अपघाताची असू शकते तशीच कोणी केलेलीही असू शकते. नॉर्मन गुथकेल्च या ब्रिटिश मेंदूशल्यचिकित्सकाने १९७१ साली असे मांडले की, बाहेरून मार न बसताही केवळ जोराने गदगदा हलवल्याने बाळाच्या सेतुशिरा तुटू शकतात. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान दुबळी आणि मेंदू मऊ असतो, हे लक्षात घेतले की या मांडणीतला युक्तिवाद समजतो. पुढे सबड्युरल रक्त, दृष्टिपटलावरील रक्त आणि मेंदूच्या कार्यातील बिघाड या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे बाळाला हलवले गेले असे मानण्याची प्रथा अनेक देशांच्या न्यायालयांपर्यंत पोचली. स्वीडनमधील आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ साली, केवळ या त्रिकुटावरून निष्कर्ष काढण्यास मिळणारा शास्त्रीय आधार मर्यादित आहे, असा अहवाल दिला. तर २०१८ साली बालरोग व क्ष-किरणशास्त्रातील अनेक संघटनांनी संयुक्त निवेदन काढून, मारहाणीने होणारी डोक्याची इजा हे प्रस्थापित निदान असून ते त्रिकुटावर नव्हे तर सर्वांगीण तपासणीवर केले जाते, असे बजावले. हा वाद शब्दांपुरता नाही. निदान चुकीचे झाले तर एका बाजूला निरपराध आईबापांवर खुनाचा आळ येतो, आणि दुसऱ्या बाजूला मार खाणारे बाळ त्याच घरी परत जाते. म्हणून अशा बाळाच्या बाबतीत डोक्याचा घेर आधीपासून मोठा होता का, कवटीतील द्रवाची जागा रुंद आहे का, ग्लुटारिक ॲसिडुरियासारखा चयापचयाचा जन्मजात दोष आहे का, हिमोफिलिया किंवा रक्त गोठवणाऱ्या तेराव्या घटकाची उणीव आहे का, हे सगळे तपासूनच निर्णयाला यावे लागते. तेराव्या घटकाच्या उणिवेची खूण कधी कधी फार लवकर, गळून पडलेल्या नाळेच्या जागेतून रक्त थांबत नाही तेव्हाच, मिळते, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते.

या सर्व कारणांत एक कारण असे आहे की ते जवळजवळ पूर्णपणे टाळता येते, आणि तरीही त्यापायी बाळे दगावतात किंवा जन्मभराचे अपंगत्व घेऊन वाढतात. ते म्हणजे के जीवनसत्त्वाची उणीव. बॉस्टनचे डॉक्टर चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ साली जन्मानंतर काही दिवसांत आपोआप रक्तस्राव सुरू झालेल्या ५० बाळांचे वर्णन केले, पण कारण त्यांना उमगणे शक्य नव्हते. ते उमगले कोंबडीच्या पिल्लांमुळे. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम हे कोलेस्टेरॉलचा अभ्यास करण्यासाठी पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार देत असताना ती पिल्ले रक्तस्रावाने आजारी पडू लागली, आणि आहारात काहीतरी अज्ञात द्रव्य कमी पडते आहे हे त्यांनी ओळखले. रक्त गोठणे या अर्थाच्या ‘कोआगुलेशन’ या शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्या द्रव्याला के जीवनसत्त्व हे नाव मिळाले, आणि त्याची रासायनिक रचना उलगडणारे अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांच्यासह डाम यांना १९४३ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

रक्त गोठवणारे चार प्रथिन घटक यकृतात तयार होतात खरे, पण के जीवनसत्त्व नसेल तर ते निकामी अवस्थेतच राहतात. नवजात बाळाकडे हे जीवनसत्त्व तीन कारणांनी अपुरे असते. वारेतून ते आईकडून बाळाकडे फारच थोडे जाते. मोठ्या माणसाच्या आतड्यातील जिवाणू त्याचा काही भाग तयार करतात, पण बाळाच्या आतड्यात ते जिवाणू अजून रुजलेले नसतात. आणि आईच्या दुधात ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असते. आईचे दूध हे बाळाचे सर्वोत्तम अन्न आहे यात शंका नाही. मात्र के जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते पुरे पडत नाही, हे मान्य करण्यात त्या दुधाचा कोणताही कमीपणा नाही. आईने कितीही पालेभाज्या खाल्ल्या तरी ही तूट भरून निघेल इतके जीवनसत्त्व दुधात उतरत नाही.

या उणिवेचा रक्तस्राव कधी पहिल्या दिवशी, कधी पहिल्या आठवड्यात होतो, परंतु सर्वांत वाईट तो उशिराचा प्रकार, जो साधारण दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, घरी आणलेल्या, अंगावर पिणाऱ्या, बारसे होऊन गेलेल्या बाळाला गाठतो. प्रतिबंधक मात्रा न मिळालेल्या बाळांत त्याचे प्रमाण युरोपात एक लाखामागे साधारण ४ ते ७ इतके नोंदले गेले आहे, आणि आशियातील काही देशांत त्याहून पुष्कळ जास्त. आकडा लहान दिसतो, पण यातील निम्म्याच्या आसपास, आणि काही ठिकाणच्या नोंदींत त्याहूनही अधिक, बाळांचा पहिला रक्तस्राव थेट कवटीच्या आत होतो. जन्माच्या वेळच्या पाझरासारखा हा थोडासा वाहून थांबत नाही, कारण थांबवणारी यंत्रणाच निकामी असते. ज्यांच्या यकृताकडून आतड्यात उतरणारे पित्त काही दोषामुळे अडलेले असते, त्या बाळांना धोका आणखी वाढतो, कारण पित्ताशिवाय हे जीवनसत्त्व आतड्यातून शोषले जात नाही. दोन आठवड्यांनंतरही न हटणारी कावीळ आणि पांढरट शी ही त्याची खूण असते.

उपाय म्हणजे जन्मानंतर बाळाच्या मांडीत दिले जाणारे एक इंजेक्शन. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची शिफारस १९६१ सालीच केली होती. भारत सरकारच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १,००० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या प्रत्येक बाळाला १ मिलिग्रॅम आणि त्याहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम मात्रा पहिल्या २४ तासांत द्यावयाची असते, आणि या सूचना मोठ्या रुग्णालयांइतक्याच, जिथे एएनएम, म्हणजे प्रशिक्षित परिचारिका-दाई, बाळंतपण करते त्या उपकेंद्रांनाही लागू आहेत. तोंडावाटे दिलेली एकच मात्रा उशिराच्या प्रकारापासून पुरेसे संरक्षण देत नाही. या इंजेक्शनाविषयी एक शंका मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. ब्रिस्टल येथील एका गटाने १९९२ साली त्याचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी असावा असे सुचवले होते. १९९३ सालीच अमेरिका व स्वीडन येथील मोठ्या अभ्यासांनी तो संबंध नाकारला आणि नंतरच्या संशोधनातूनही त्याला पुष्टी मिळाली नाही, तरी भीतीला पुरावा लागत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे २०१३ साली काही महिन्यांच्या अवधीत उशिराच्या प्रकाराची चार बाळे रुग्णालयात आली, त्यांपैकी तिघांना कवटीत रक्तस्राव झालेला होता, आणि चौघांच्याही पालकांनी जन्माच्या वेळी इंजेक्शन नाकारलेले होते.

कवटीतील मोठ्या रक्तस्रावाआधी काही बाळांना एक इशारा मिळतो: नाकातून किंवा हिरडीतून थोडे रक्त येते, बेंबीची जागा पुन्हा ओली लाल होते, लस टोचलेल्या जागेतून रक्त थांबायला वेळ लागतो, किंवा कुठे मार बसलेला नसताना अंगावर निळा डाग उमटतो. तीन महिन्यांखालील बाळात असे काही दिसले, आणि विशेषतः ते बाळ घरी जन्मलेले असेल किंवा त्याच्या कागदांत के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनाची नोंद नसेल, तर त्याच दिवशी रक्त गोठण्याची तपासणी व्हायला हवी. ही साधी तपासणी बहुतेक जिल्हा रुग्णालयांत होते, आणि उणीव हेच कारण असेल तर जीवनसत्त्व शिरेतून दिल्यानंतर काही तासांतच रक्त पुन्हा नीट गोठू लागते.